पार्लरवालीला कळतं, मग मंडळाला का नाही?

शिकागोच्या मराठी माणसाला डेव्हन ॲव्हेन्यू माहीत नाही असं होत नाही. आता नेपरविल, शॉमबर्ग, अरोरा अशा उपनगरांत भारतीय किराणा घराजवळ मिळतो, तरी महिन्या-दोन महिन्यांतून डेव्हनची एक फेरी होतेच. ‘पटेल ब्रदर्स’चं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं. रस्त्याच्या एका तुकड्याला गांधीजींचं नाव, दुसऱ्याला जिनांचं, तिसऱ्याला इस्रायलच्या गोल्डा मायर यांचं. साड्या, सोनं, मिठाई, हलाल मटण, फोनची कार्डं, व्हिसाचे फोटो काढून देणारे, सगळं एका ओळीत. आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक ब्युटी पार्लर. बायकोचं थ्रेडिंग होईपर्यंत बाहेर पिशव्या सांभाळत उभं राहायचं, हे आम्हा नवऱ्यांचं ठरलेलं काम.

या पार्लरांशी संबंधित एक कायदा इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना माहीत नसतो. १ जानेवारी २०१७ पासून इलिनॉय राज्यात केस, त्वचा, नखं यांचं काम करणाऱ्या परवानाधारकांना घरगुती हिंसा आणि लैंगिक अत्याचार ओळखण्याचं एक तासाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. असा नियम करणारं इलिनॉय हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. पार्लरवालीने पोलिसांना कळवलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. बाईच्या मानेवर, कानामागे, डोक्यात खुणा दिसल्या, बोलता बोलता ती मध्येच गप्प झाली, फोन वाजला की दचकली, तर ते लक्षात यावं आणि मदत कुठे मिळते हे सांगता यावं, एवढीच अपेक्षा.

कायदा करणाऱ्यांचा विचार साधा होता. बाई पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी कुणापाशी तरी बोलते. बहुतेकदा ती अशा व्यक्तीशी बोलते, जी तिच्या डोक्याला हात लावून अर्धा तास तिच्याजवळ उभी असते आणि जिचा तिच्या सासरशी काही संबंध नसतो.

मला हा नियम वाचल्यापासून एक प्रश्न पडला आहे. डेव्हनवरच्या पार्लरमधल्या बाईला जे एका तासात शिकवता येतं, ते आपल्या मंडळांच्या कमिट्यांना, ढोल-ताशा पथकांना, मराठी शाळेच्या शिक्षकांना आणि भारतात बसलेल्या आईवडिलांना का शिकवता येऊ नये?

आधी जगाचं चित्र थोडक्यात पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून काढलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५ हजार स्त्रिया आणि मुलींचा जाणूनबुजून खून झाला. त्यातल्या सुमारे ५१ हजार जणींना मारणारा नवरा, जोडीदार किंवा घरातलाच कुणीतरी होता. म्हणजे रोज १४०. खून पुरुषांचे जास्त होतात, एकूण बळींत जवळपास ८० टक्के पुरुष असतात, हे त्याच अहवालात आहे. पण त्या पुरुषांपैकी घरच्या माणसाच्या हातून मरणारे साधारण १२ टक्के. बाईच्या बाबतीत हेच प्रमाण ६० टक्के. आपण मुलीला ‘रात्री एकटी फिरू नकोस’ असं बजावतो, आणि आकडे सांगतात की तिला सर्वांत जास्त धोका घराच्या दाराच्या आत आहे.

आता शिकागोकडे येऊ. जुलै २०२२ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत एका २९ वर्षांच्या दक्षिण आशियाई वंशाच्या फोटोग्राफर तरुणीला तिच्या घटस्फोटित नवऱ्याने गोळी घालून मारलं. तो जॉर्जियातून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, शेकडो मैलांचा प्रवास करून आला होता. पोलिस दाराशी पोचले तेव्हा त्याने स्वतःलाही संपवलं. ही मुलगी टिकटॉकवर आपल्या घटस्फोटाबद्दल उघडपणे बोलत असे. आपल्या समाजात घटस्फोटित बाईकडे कसं पाहतात, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बायकांना लग्नात कसं थांबवून ठेवतात, हे तिने सांगितलं होतं. तिचं कुटुंब पाकिस्तानी वंशाचं होतं. पण ते व्हिडिओ आपल्याकडच्या कुठल्याही मुलीचे वाटले असते.

बातमी आली तेव्हा आपल्या लोकांची पहिली प्रतिक्रिया काय होती? ‘अचानक डोकं फिरलं असेल.’ हे ‘अचानक’ मला पटत नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे रात्री दोन वाजता सिस्टिम पडते, तेव्हा सगळे म्हणतात अचानक पडली. सकाळी लॉग उघडून बघितले की कळतं, आठवडाभर इशारे येत होते, कुणी वाचले नाहीत. यंत्राची आणि माणसाच्या जिवाची तुलना नाही, हे मलाही कळतं. पण आधी आलेले इशारे वाचायची सवय लावून घेता येते, एवढं माझ्या कामाने मला नक्की शिकवलं आहे.

आणि या विषयातले इशारे कुठले, याचा अभ्यास झालेला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे, हे त्यावरून मोजतात. पुढे त्यात सुधारणा होऊन आता साधारण २० प्रश्न आहेत. घरात बंदूक आहे का? त्याने कधी तुझा गळा दाबला आहे का? तू कुठे जातेस, कुणाला भेटतेस यावर तो सतत नजर ठेवतो का? ‘तुला मारून टाकीन’ असं म्हणाला आहे का? स्वतःचा जीव देण्याची धमकी देतो का? गरोदरपणात मारलं आहे का? गेल्या वर्षभरात तू त्याला सोडून गेलीस किंवा वेगळी राहिलीस का?

यातल्या दोन गोष्टींवर थांबायला हवं.

पहिली, गळा दाबणं. आपल्याकडे ‘एक थप्पड मारली’ आणि ‘रागात गळा धरला’ या दोन वाक्यांत फारसा फरक केला जात नाही. अमेरिकेतल्या संशोधनात असं दिसलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी कधी गळा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. बऱ्याचदा मानेवर वळही उठत नाही. आवाज बसतो, गिळायला त्रास होतो, तेवढंच. इलिनॉयमध्ये गळा दाबणं हा साध्या मारहाणीपेक्षा वरचा, गंभीर गुन्हा धरला जातो. मुलीने फोनवर हे सांगितलं, तर ‘शांत हो, सकाळी बोलू’ हे उत्तर चालणार नाही.

दुसरी, सोडून जाणं. ‘एवढा त्रास होता तर सोडलं का नाही?’ हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! सोडून जाण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो. आपला ताबा सुटतोय हे कळलं की असा माणूस टोकाला जातो. शिकागोची ती तरुणी सोडून गेलेली होती, घटस्फोट झालेला होता, राज्यही वेगळं होतं. म्हणून सोडायचं ते ठरवून, जाणत्या माणसांच्या मदतीने. आणि ती निघाली की आजूबाजूच्यांनी ‘सुटली एकदाची’ म्हणून पाठ फिरवायची नाही. पुढचं वर्षभर जास्त लक्ष ठेवायचं.

इथे कुणीतरी म्हणेल, हे सगळं खरं, पण आपल्यात असं नसतं. आपण शिकलेले, इंजिनिअर, डॉक्टर. बोस्टनच्या परिसरातल्या १६० दक्षिण आशियाई स्त्रियांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांनी सध्याच्या जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. अभ्यास लहान आहे आणि जुना आहे, त्यावरून सगळ्या समाजाचा हिशेब मांडू नये. पण ‘आपल्यात नसतं’ हे म्हणायची सोय त्याने ठेवलेली नाही.

आपल्या घरांत हे वेगळ्या रूपात दिसतं, एवढंच. मार हा त्यातला शेवटचा भाग असतो. आधी काय असतं? पासपोर्ट त्याच्या कपाटात. बँकेचं खातं त्याच्या नावावर, तिच्याकडे एक कार्ड, आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्या फोनवर. गाडी शिकवायचं ‘पुढच्या उन्हाळ्यात’, असे चार उन्हाळे. आईशी बोलायचं ते स्पीकरवर. घरातल्या कॅमेऱ्यातून ऑफिसमधून तिच्यावर लक्ष. डेव्हनवर भाजी घ्यायला आली तरी पिशवीत काय घालायचं हे तो ठरवणार, आणि बिल होईपर्यंत ती दाराजवळ उभी. बाहेरून बघणाऱ्याला हा ‘काळजी घेणारा नवरा’ वाटतो. आम्ही सगळे त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतो.

आणि या सगळ्याला व्हिसाचा आधार मिळतो. एच-१बी वर आलेल्या माणसाची बायको एच-४ वर येते. या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच. पुण्यात टीम लीड असलेली मुलगी इथे येऊन दहा डॉलरसाठी विचारायला लागते, ते यामुळे. घटस्फोट झाला की एच-४ संपतो. नवऱ्यावर घरगुती हिंसेचा गुन्हा सिद्ध झाला तर त्याला देशाबाहेर काढता येतं, आणि तो गेला की तिचाही व्हिसा गेला. म्हणून त्याच्याकडे एक वाक्य कायम तयार असतं: ‘तू ९११ लावलास तर आपण सगळेच परत जाऊ, मग बस आईकडे मुलाला घेऊन.’

ही धमकी पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती चालते. पण ती पूर्ण खरीही नाही, आणि हा भाग प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवा.

इलिनॉयमध्ये न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागायला व्हिसा लागत नाही, फी लागत नाही. तातडीचा आदेश समोरच्याला आधी न कळवताही मिळू शकतो, साधारण दोन ते तीन आठवड्यांसाठी. पुढे सुनावणी होऊन तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. शिकागोत यासाठी हॅरिसन स्ट्रीटवर घरगुती हिंसेच्या खटल्यांचं स्वतंत्र न्यायालयच आहे. असा आदेश मिळाला म्हणजे नवऱ्यावर गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. आदेश मोडला तर मात्र प्रकरण गंभीर होतं.

नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाविरोधी कायद्याखाली बाई स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. त्याची सही लागत नाही, आणि त्याला कळवायचं नाही असं बंधन सरकारवर आहे. नवरा एच-१बी वर असेल तर ही वाट बंद. पण २०१७ पासून छळ झालेल्या एच-४ स्त्रीला ‘आय-७६५व्ही’ नावाच्या अर्जाने कामाची परवानगी मागता येते. त्याने व्हिसाचा प्रश्न सुटत नाही, पण स्वतःचा पगार मागता येतो. गुन्ह्याची बळी ठरलेली आणि तपासाला मदत करणारी व्यक्ती यू व्हिसा मागू शकते. त्याची मर्यादा वर्षाला १० हजार असल्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे, हेही खरं. प्रत्येकीची परिस्थिती निराळी, त्यामुळे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. पण ‘काहीच करता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोत केंद्र सरकारची इमिग्रेशनची मोठी कारवाई सुरू झाली. अशा दिवसांत गणवेशातल्या कुणालाही फोन करायची भीती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. शिकागोच्या शहर पोलिसांनी मदत मागणाऱ्याचा इमिग्रेशनचा दर्जा विचारू नये, असा शहराचा नियम आहे, हे अशा वेळी लक्षात असावं. आणि ज्यांना पोलिस नकोच आहेत त्यांच्यासाठी संस्था आहेत. शिकागोत ‘अपना घर’ ही संस्था साडेतीन दशकं दक्षिण आशियाई आणि इतर स्थलांतरित स्त्रियांसाठी आसरा, समुपदेशन आणि कायद्याची मदत देते आहे. न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून आणि न्यू यॉर्कमध्ये ‘सखी’ १९८९ पासून. या संस्था आपल्यासारख्याच बायकांनी उभ्या केल्या, कारण सरकारी आसऱ्यात आपली भाषा, आपलं जेवण, आपली भीती कुणाला कळत नव्हती.

आता थोडं महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी बोलतो, कारण ही ई-आवृत्ती वाचणारे अर्धे तिकडेच आहेत.

मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या भुकूमला २३ वर्षांच्या एका सुनेचा मृत्यू झाला. लग्नात ५१ तोळे सोनं आणि फॉर्च्युनर गाडी दिल्याचं माहेरच्यांनी सांगितलं, तरी आणखी पैशांसाठी छळ झाल्याचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राने वाचली. त्याच घरातल्या मोठ्या सुनेने काही महिने आधी पोलिसांकडे आणि महिला आयोगाकडे तक्रार केलेली होती. म्हणजे इशारा आलेला होता. तो लेखी होता, त्यावर सही होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. त्या का सांगत नाहीत? कारण सांगितलं की काय उत्तर मिळणार हे त्यांना पाठ असतं. ‘अगं, थोडं ॲडजस्ट कर. मूल झालं की बदलेल. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांब. धाकटीचं लग्न व्हायचंय.’ यातलं एकेक वाक्य प्रेमापोटी येतं, मला मान्य आहे. आईला मुलीचा संसार मोडू नये असंच वाटतं. पण सात समुद्रापलीकडून मुलीने मन घट्ट करून एकदा विषय काढला आणि तिला हे उत्तर मिळालं, तर ती दुसऱ्यांदा विषय काढत नाही.

आपल्याला नवीन काही शोधायचं नाही, मराठी समाजाने हे आधी केलेलं आहे. १९८२ मध्ये पुण्यात एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने शहर हादरलं होतं. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये आरोपीची सुटका झाली. पण विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ नावाचं प्रदर्शन उभं केलं आणि ठिकठिकाणी नेलं. ते बघायला आलेल्या बायका स्वतःबद्दल बोलू लागल्या. त्या बोलण्याला जागा हवी म्हणून पुढे ‘बोलते व्हा’ हे केंद्र निघालं. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तक्रार घेऊन आलेल्या बाईशी आधी समाजकार्यकर्ती बोलावी म्हणून.

आणि पुरुषांचं काय? १९९१ मध्ये मुंबईच्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, अशा अर्थाची. २०५ जणांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी आजही कॉलेजच्या मुलांबरोबर काम करतात. ‘पुरुष स्पंदन’ नावाचा त्यांचा दिवाळी अंकही निघत आला आहे. इथल्या किती मराठी पुरुषांनी तो बघितला असेल? दिवाळी अंकांची खोकी आपण दरवर्षी हौसेने मागवतो, त्यात एक हाही असू द्या.

एक आक्षेप हमखास येणार: ‘खोट्या केसेसचं काय? पुरुषांवर अन्याय होत नाही का?’ होतो. ४९८-अ चा गैरवापर झाल्याची उदाहरणं आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात सरसकट अटक करू नका असं पोलिसांना बजावलं, ते योग्यच होतं. छळ होणारा पुरुष असेल तर त्यालाही मदत मिळायला हवी, आणि इथल्या हेल्पलाइन पुरुषांचेही फोन घेतात. पण कुणी खोटं बोलतं म्हणून समोरच्या प्रत्येक बाईचं ऐकायच्या आधी तिची उलटतपासणी घ्यायची, हा न्याय झाला नाही. दोषी कोण हे ठरवायला न्यायालय आहे. मंडळाने किंवा मावशीने न्यायाधीश व्हायची गरज नाही. ती आज रात्री सुरक्षित आहे का, एवढंच आपण बघायचं आहे.

मग करायचं काय? शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. हजारो माणसांचं अधिवेशन भरवायची, गणपतीला पाचशे पानं उठवायची ताकद आपल्यात आहे. या ताकदीकडे मी चार साध्या गोष्टी मागतो.

पहिली, वर्षातून एक तास. इलिनॉय पार्लरवालीकडून जेवढं मागतं तेवढंच. कमिटीच्या प्रत्येक सदस्याने आणि मराठी शाळेच्या प्रत्येक शिक्षकाने स्थानिक संस्थेकडून हे एक तासाचं प्रशिक्षण घ्यावं. झूमवरही होईल.

दुसरी, नव्याने आलेल्या जोडप्याचं स्वागत करताना तिच्या हातात वेगळा कागद द्यावा. त्यावर ड्रायव्हिंग लायसन्स कसं काढायचं, स्वतःच्या नावाने बँक खातं कसं उघडायचं, पासपोर्ट, आय-९४, लग्नाचा दाखला यांच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर कशा ठेवायच्या, ९११ ला फोन केल्यावर घराचा पत्ता कसा सांगायचा, हे सगळं असावं. शेवटी हेल्पलाइनचे नंबर. सगळ्यांनाच दिला की कुणाला संशय यायचं कारण नाही.

तिसरी, कार्यक्रमाच्या ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला तेच नंबर मराठीत लावावेत. तिथे नवरा येत नाही.

चौथी, आणि ही सर्वांत अवघड. बायकोला मारणारा माणूस मोठा देणगीदार असला, नाटकात छान काम करत असला, तरी त्याला स्टेजवर बोलवायचं थांबवावं. ‘त्यांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय’ असं एखाद्या काकू म्हणतील, एखादे काका विषय बदलतील. त्यांना आदराने सांगावं की काकू, घरातलं घरातच राहतं म्हणूनच रोज १४० जणी मरतात.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठी एवढंच. आठवड्यातून एकदा मुलीशी ती एकटी असताना बोला. स्पीकर बंद आहे ना, विचारा. एक साधा शब्द ठरवून ठेवा, भाजीचं नाव का असेना, तो ती बोलली की मदत पाठवायची. तिच्या घराचा पूर्ण पत्ता आणि तिच्या एका मैत्रिणीचा किंवा शेजारणीचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि तिने विषय काढलाच, तर पहिलं वाक्य हे म्हणा: ‘बरं झालं सांगितलंस. यात तुझी चूक नाही. आता आपण मिळून ठरवू.’ ‘परत ये’ किंवा ‘थांब’ हे लगेच सांगू नका. आधी ऐका.

नंबर लिहून ठेवा. जिवाला धोका असेल तर ९११. अमेरिकेची राष्ट्रीय घरगुती हिंसा हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास सुरू असते आणि दुभाषा मागता येतो. इलिनॉय राज्याची १-८७७-८६३-६३३८. भारतात महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. ज्या फोनवर दुसऱ्याची नजर आहे त्या फोनवरून लावू नका. मैत्रिणीचा, शेजारणीचा, दुकानातला फोन वापरा. आणि डेव्हनवर असाल तर पार्लरमधल्या बाईला विचारा. तिला यातलं थोडंफार शिकवलेलं असतं.